तिसऱ्या ओळीतली किल्ली

मित्रांनो, माझ्याकडे कौतुकाने बघू नका. मी किल्ल्या टांगायचा सागवानी फळा आहे. मी जुना झालो, पण माझा राग अजून उतरलेला नाही.

माझा साग तोरणमाळच्या बाजूचा. नथ्थू सुताराने मला रंधून गुळगुळीत केलं, अंगावर खिळ्यांच्या ओळी ठोकल्या आणि शहाद्याजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनच्या कचेरीत टांगलं. ते साल एकोणीसशे चोपन्न. जिनमध्ये कुलपं पुष्कळ होती: सरकीचं गोदाम, गाठींची वखार, तेलाची खोली, कापूस निवडायची खोली. किल्ल्या मात्र सगळ्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसत.

तिथले मॅनेजर प्रेमचंदशेठ. नथ्थू त्यांना म्हणाला, "शेठ, परतेक किल्लीले नावनी पट्टी बांधी देऊ का?"

"कशाला? जागा मला पाठ आहे. खिळा तेच नाव."

आणि खरोखर, शेठ बोलता बोलता मागे हात करायचे आणि हवी ती किल्ली काढायचे. पाहुणे वाहवा करत. मीही फुगायचो. मूर्खच होतो.

निवडायच्या खोलीत बायका बसत. लुगड्यात कापूस लपवून नेतात, असा शेठना संशय. म्हणून बायका आत गेल्या की ते बाहेरून कुलूप घालत आणि किल्ली माझ्या तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या खिळ्याला अडकवत. दुपारी भाकरीच्या वेळी दार उघडे. गजराबाई त्या बायकांतली थोरली. ती रोज कुरकुरायची, "आम्ही काय ढोरं शेतस का, कोंडाले?" शेठ ऐकून न ऐकल्यासारखं करत.

पुढे अठ्ठावन्नच्या माघात धुळ्याहून मालक येणार म्हणून झाडलोट निघाली. बायकांना कोंडून झाल्यावर शेठनी झाडूवाल्या चैत्याला हाक मारली. चैत्या डोंगरातला भिल्ल, सांगितल्या कामाचा. "जी किल्ली कुणी मागत नाही ती भंगारात टाक. उरलेल्या वर सरकव. मधे रिकामे खिळे दिसता कामा नयेत," एवढं बोलून शेठ वजनकाट्यावर निघून गेले.

चैत्याने मोडक्या कुलपांच्या किल्ल्या काढल्या, बाकीच्या एकेक करून वर सरकवल्या. निवडायच्या खोलीची किल्ली दुसऱ्या ओळीत गेली आणि तिच्या खिळ्यावर तेलाच्या खोलीची येऊन बसली. माझ्या अंगावरच हे सगळं झालं. मला तोंड नव्हतं.

भाकरीची वेळ व्हायच्या आधीच शेजारच्या यंत्रातली ठिणगी भिंतीतल्या भोकातून निवडायच्या खोलीतल्या कापसावर पडली. कचेरीच्या खिडकीतून समोर त्या खोलीचं दार मला दिसत होतं. धूर आला, मग आरोळ्या आल्या. "दार उघाडा! दार उघाडा!"

शेठ धावत आले. फळ्याकडे न बघता त्यांनी तिसऱ्या ओळीतली पहिली किल्ली ओढली. ती कुलपात गेली, पण फिरेना. शेठनी दोन्ही हातांनी पिळली, तशी ती आतच मोडली. आता खरी किल्ली आणली तरी उपयोग नव्हता.

काटेवाला धनसिंग पहार घेऊन धावला. त्याने आणि चैत्याने मिळून बिजागऱ्या उखडल्या. बायका खोकत बाहेर पडल्या. गजराबाई सगळ्यांत शेवटी आली. दाराशी आग पोचू नये म्हणून तिने जळता कापूस हातांनी मागे ढकलला होता.

शेठनी सगळ्यांदेखत चैत्याच्या थोबाडीत मारली. "तू बदललीस किल्ली! तूच जाळलंस!"

"तुम्हीच सांगेल व्हतं, शेठ," चैत्या एवढंच म्हणाला. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

जिन पुन्हा सुरू झाला, तेव्हा बायका फाटकाबाहेर बसल्या. कापसाच्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्या. शेठ ओरडले, धमकावू लागले. हातांना फडकी गुंडाळलेली गजराबाई उठली.

"बाहेरनी कडी काढ, मंग मझार जासूत. अन् चैत्याले बलाव."

"आणि चोरी झाली तर?"

"ले झडती." तिने दोन्ही हात त्यांच्या तोंडासमोर धरले. "या हातसवरी कापूस चोरसू का मी?"

शेठनी धनसिंगाला हाक मारली. संध्याकाळी त्याने छिन्नीने दाराचा कडी-कोयंडा उपटला. सकाळी चैत्या झाडू घेऊन आला. शेठ त्याच्याशी पुढे कधी बोलले नाहीत. गजराबाईची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

मला अपशकुनी ठरवून शेठनी सरकीच्या गोदामात फेकलं. इथे उंदीर मला कुरतडतात. दया दाखवायला येऊ नका. मित्रांनो, वस्तूची ओळख वस्तूच्या अंगावर लिहा. तिची जागा उद्या दुसरीची होते. आणि तुमची स्मरणशक्ती कितीही दांडगी असो, माणसं आत असताना बाहेरून कुलूप घालू नका.