लिफ्टमनचा हुंकार

"सर्दी कुठली? रडून रडून नाक लाल झालंय माझं," मी ठोकून दिलं. खोकला दाबायला दाढेखाली लवंग धरली होती.

आयसीयूच्या दारात नर्स आडवी उभी. तोंडावर घट्ट मास्क, बाहेर नुसते डोळे. पण काय दटावत होते ते डोळे!

"आजी, आत नाही सोडणार."

"अगं, डॉक्टरच म्हणाले ना, भेटून घ्या?" 'भेटून घ्या' म्हणजे काय, हे माझ्या वयाला फोड करून सांगावं लागत नाही. "मास्क बांधते. दोन बांधते. लांब उभी राहते, मग तर झालं?"

"काल तुम्हीच सांगत होतात, तुमच्या शिंकेनं तीन घरांपलीकडची चूल विझली म्हणून."

आता आली का पंचाईत! बाकावर बसून जीव आंबला होता, म्हणून ऐकवलं होतं चारचौघांना.

"तीन घरं ओलांडणारी शिंक चार खाटा नाही ओलांडणार?"

"थाप होती गं ती!"

"चूल विझली ती थाप. बाकीचं खरंच आहे." तिचा आवाज मऊ झाला. "घरात मिरची भाजली की बाहेरच्या खोलीत कोण ठसकतं?"

"आमचे हे."

"मिरची दिसते का हवेत? तसंच आहे हे. शिंकायलाही नको, नुसतं बोललात तरी श्वासातून निघतं आणि तरंगत बसतं. तुम्हाला साधी सर्दी, पण आतल्यांना तेवढीही सोसायची नाही. आजोबांच्या शेजारी कालची बाळंतीण आहे. नळीवर श्वास घेतेय बिचारी."

मी लवंग दुसऱ्या दाढेखाली सरकवली.

नर्सलाच राहवेना. "थांबा, डॉक्टरांना विचारून बघते. पाच मिनिटं तरी—"

तेवढ्यात तो आला. बेंबीच्या देठापासून खोकला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं, पण लवंग उडालीच. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

"नको विचारूस," मी म्हटलं. "काचेतूनच बघते."

आमचे हे लिफ्टमन. जन्मभर वर-खाली केलं, पुढे म्हणून कुठे गेले नाहीत, असं मी चिडवायची. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं की पुढचा मजला येईपर्यंत श्वास रोखून धरायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आज मरता मरता वाचलो." एरवी बोलणं कमीच. संध्याकाळी चहा झाला की मी थाप मारायची आणि ह्यांनी 'हं' म्हणायचं, हाच आमचा संसार. हुंकाराशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही. 'हं' थांबला की समजायचं, झोपले.

हे सगळं नर्सला ऐकवलं, तेव्हा तिनं काचेपलीकडे जाऊन आपला फोन स्पीकरवर टाकून ह्यांच्या कानाशी धरला. इकडे माझ्या कानाला माझा फोन.

"अहो, ऐकताय ना? एकदा काय झालं, तुमची लिफ्ट गच्चीवर थांबलीच नाही."

घशात नळी, 'हं' कुठून म्हणणार? पण चादरीवरचं बोट हललं. बटण दाबावं तसं, एकदा.

"गेली वर. छपराला भोक पडलं, वॉचमन खालून ओरडतोय, पगार कापतील म्हणून!"

बोट.

"ढगात गेली. दार उघडलं तर बाहेर एक म्हातारा ढग उभा. म्हणाला, गुडघे दुखतात हो, वरच्या मजल्यावर सोडता का?"

बराच वेळ काही नाही. मग बोट, जरासंच.

"तुम्ही म्हटलंत, या. सरकून जागा दिलीत. पण आधी विचारलंत, सर्दी नाही ना?"

नर्सचे डोळे हसले. चादरीवर काही हललं नाही. मी थांबले. गोष्ट अडली होती.

नर्सनं तिथल्या यंत्राकडे पाहिलं. फोन तसाच ठेवून दुसरा हात ह्यांच्या बोटांवर ठेवला, आणि माझ्या कानात, मास्कमधून, घोगरा आवाज आला.

"हं."

रोज मी गोष्टीच्या शेवटी लिफ्ट खाली आणते. चहा निवतो म्हणून, घरी वाट बघतात म्हणून. त्या दिवशी नाही आणली.