बारा पिवळे कागद

"माझ्या औषधाला काय पाय फुटलेत, तुमच्या रानात यायला?" पाठीवरचा पंप सावरत थोरले काका बांधावरून ओरडले.

"पाय कशाला पाहिजेत? वारा आहे की," घेवड्याच्या ओळीतून आई म्हणाली. "तुम्ही वांग्यावर मारता आणि इथं माझ्या नाकाला झोंबतं."

"तुझं नाक म्हणजे यंत्र लागून गेलं का?"

हे बोलणं मला लागलं. मी कॉलेजातल्या सरांकडून बारा पिवळे कागद मागून आणले. बोटभर रुंदीचे. बारीकसा थेंब पडला, की कागदावर तेवढाच निळा ठिपका उमटतो. शनिवारी सकाळी दव पूर्ण सुकल्यावर घेवड्याच्या बारा ओळींत मी एकेक कागद काठीला अडकवला. थोड्या वेळानं काका आले, वांगी फवारली आणि गेले.

मी धावत कागद बघायला गेले. काकांच्या बांधालगतच्या पहिल्या ओळीचा कागद गोवर उठल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या, तिसऱ्यावरही ठिपकेच ठिपके. चौथ्यावर दोनच. पाचव्यापासून पुढं सगळे कोरे पिवळे.

"सापडले काका!" मी ते चार कागद काढून नाचवत बाबांकडे आले.

बाबांनी ते उलटसुलट करून बघितले. "काका सापडले का आपण सापडलो? अगं, दहा वाजता डॉक्टरीणबाई यायच्यात."

माझं हसू तिथंच विरलं. डॉक्टरीणबाई शहरात दात काढतात. सहा वर्षं दर शनिवारी त्या येतात आणि त्यांच्या इमारतीतली अकरा घरं आमचीच भाजी खातात. औषध नको म्हणून. किडीनं खाल्लेलं पान त्या मुद्दाम निवडून घेतात, आणि त्याच पानामागं अळी दिसली की किंचाळतात.

"टाक ते चुलीत," बाबा म्हणाले.

बांधाकडच्या ओळींचा घेवडा आदल्या संध्याकाळीच तोडून पाटीत ठेवावा, असं आईनं म्हटलं होतं. बाबांनीच ताजा पाहिजे म्हणून थांबवलं होतं.

तेवढ्यात गाडी आली. डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरची एक बाई उतरल्या. डॉक्टरीणबाईंचं लक्ष सरळ काठ्यांकडे गेलं. "हे काय नवीन? आणि तुझ्या हातातले निळे कशानं झाले?"

"दवानं," बाबा चटकन म्हणाले. "पोरीचा कॉलेजचा काहीतरी प्रयोग आहे."

वरच्या मजल्यावरची बाई पहिल्याच ओळीत वाकून शेंगा तोडायला लागली. "किती छान आहेत! एक डाग नाही बघा." तिनं एक शेंग मोडली आणि तोंडाजवळ नेली.

"खाऊ नका!" मी ओरडले. "दव असतं तर बाराही निळे झाले असते. हे फवाऱ्याचे थेंब आहेत. शेजारच्या रानातले. चौथ्या ओळीपर्यंत आलेत."

बाबांनी मान फिरवली. त्या बाईनं शेंग टाकली आणि हात साडीला पुसत राहिली.

"म्हणजे सहा वर्षं आम्ही हेच खातोय?" ती म्हणाली.

"सहा वर्षांचं मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "आजचं सांगते."

"मला नको बाई काहीच." ती गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली.

डॉक्टरीणबाई मात्र बारावी ओळ गाठून परत आल्या. प्रत्येक कागद त्यांनी चष्मा वर करून बघितला. आईनं पदराचं टोक गच्च धरलं होतं.

"पाचवीपासूनचा घेवडा घेते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आता दर शनिवारी पिशवीत असा एक कागद टाकायचा. घरोघरी दाखवायला बरा."

"आजवर माझं तोंड बघून नेत होता," आई म्हणाली.

"तोंड तेच आहे हो, मावशी. पण लोकांना काहीतरी हातात लागतं."

आईनं शेंगा पिशवीत भरल्या. वरून एक पिवळा कागद ठेवला. "देईन कागद. पण एखाद्या शनिवारी सगळे निळे निघाले, तर शेंगसुद्धा देणार नाही. मग त्या दिवशी अकरा घरं काय खातील?"

"त्यात काय?" डॉक्टरीणबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "त्या दिवशी बाजारातून आणू की."

बाबा फिस्सकन हसले. आई हसली नाही. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर तिनं विळा घेतला, पहिल्या ओळीत बसली आणि शेंगांनी लगडलेले वेल बुडातून कापायला लागली.

बांधापलीकडं काका येऊन उभे राहिले होते. "अगं, सगळे कापतेस? गुरांना तरी टाक."

"गुरांनी काय पाप केलंय?" आई म्हणाली आणि दुसऱ्या ओळीकडे सरकली.