प्लायवूडची तेजी

दर तिमाहीला 'लॉज' म्हणजे गावकऱ्यांच्या सभासद-मंडळाच्या हॉलमध्ये पॅनकेकच्या नाश्त्याबरोबर जिल्ह्याचा आर्थिक अहवाल वाचला जाई. या खेपेला कॉलेजातले प्रोफेसर विटकॉम्ब खुशीत होते.

"बांधकाम साहित्याची विक्री दुपटीने वाढलीय. आपलं गाव पुन्हा उभं राहतंय!"

टाळ्या पडल्या. लाकडाच्या वखारीत एकवीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या मार्लिसच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. काटा ताटलीत आपटून ती उठलीच.

"प्रोफेसरसाहेब, तो माल मी विकलाय. सगळं प्लायवूड! गावातला कारखाना बंद झाला, मागोमाग मेन स्ट्रीटवरची दुकानं बंद पडली. त्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांवर ठोकायला नेलंय लोकांनी. याला उभं राहणं म्हणता होय? एकदा तरी कॉलेजातून बाहेर पडून बघायचं होतं!"

"बाई, आम्ही फक्त एकूण विक्री बघतो," प्रोफेसर चाचरले.

"मग पुढच्या तिमाहीत आणखी खूश व्हाल. काल लॉजचे सेक्रेटरी वीस शीट सांगून गेलेत. मापं या हॉलच्याच खिडक्यांची आहेत."

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते मान खाली घालून पॅनकेकवर पाक ओतत राहिले.