कोमट पाण्याची बातमी

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे, पेडगावच्या गौराबाईंच्या किराणा दुकानातला. आता माझा रंग उडाला आहे आणि चारचं बटण एकदा दाबलं की वर येत नाही. पण एके काळी माझ्यासमोर माणसांची रांग लागत असे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हाताऱ्याने आपलं कौतुक आपणच केलं तर रागावू नका.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून, हिंदकळत मी १९९२ साली पेडगावात आलो. गौराबाईंनी मला भस्माचं बोट लावलं आणि डोक्यावर बेलाचं पान ठेवलं. त्यांचे यजमान महालिंगअप्पा म्हणाले, "आता ह्याला प्रसाद चारू नकोस म्हंजे झालं!"

गौराबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. रोज सकाळी त्या पदराने मला पुसत आणि मगच गुळाच्या ढेपेला हात लावत. लोक माझ्यात इतक्या मोठ्याने बोलत, की पलीकडच्याला तारेशिवायही ऐकू गेलं असतं. सासवा जावयाशी बोलताना डोक्यावरचा पदर सारखा करीत. मला या माणसांचा फार लळा लागला होता.

मग १९९३ सालचा सप्टेंबर सरता सरता लातूरकडे तो मोठा भूकंप झाला. त्या पहाटे आमच्या दुकानातल्या बरण्याही किणकिणल्या. रेडिओवर गावंच्या गावं गाडली गेल्याचं ऐकून पेडगावच्या माणसांची झोप उडाली. जरा कुठे भांडं पडलं की लोक अंगणात धावत.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी जे घडलं, त्याची मला आजही लाज वाटते. दुपारी माझी घंटी वाजली. परभणीहून अक्कांचा सख्खा भाऊ चन्नबसप्पा बोलत होता.

"अक्का, एका गावात हिरीच्या पान्याला उकळी फुटलीय म्हणं! आज चार वाजता लय मोठा भूकंप व्हनार हाय. घरात थांबू नका!"

अक्कांचा भावावर भारी जीव. "माझा चन्नू कधी खोटं बोलत न्हाई," असं म्हणत त्यांनी ते दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. मग काय विचारता! जो तो माझ्यावर तुटून पडला. कुणी बहिणीला कळवलं, कुणी व्याह्याला. मी बिचारा ती बातमी इमानाने पोचवत राहिलो. बाहेर झिमझिम पाऊस होता आणि लोक गाठोडी बांधून मळ्याकडे निघाले होते.

तेवढ्यात दुकानासमोर तानुबाईंची बैलगाडी थांबली. गाडीत त्यांची लेक कुसुम बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि मांडीवर सहा दिवसांचं पोर, सातव्या महिन्यात जन्मलेलं. त्याला वारासुद्धा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अक्का, कापराची वडी द्या. लेकराला मळ्यात घेऊन जायलोय," तानुबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "घरात ठिवावं तर भिंतीचं भ्या, भाईर न्यावं तर पावसाचं. काय करू?"

कुसुमने पोरावरचं जुन्या लुगड्याचं धडपं सारखं केलं. ते ओलं झालं होतं. अक्कांनी त्या धडप्याला हात लावून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "तानुबाई, पोराला आदी आत घ्या. मला जरा इचारू द्या."

त्यांनी भावाला उलटा फोन लावला. "चन्नू, ती हीर तू तुज्या डोळ्यानं बगितलीस का?"

"न्हाई गं. मानवतच्या अडत्यानं सांगितलं."

अक्कांनी मानवतला फोन लावला. अडत्या म्हणाला, "मला पाथरीहून कळलं. दिनकररावांनी फोन केल्ता."

मग पाथरीला फोन लावला, तर दिनकरराव हसायलाच लागले. "अवो, तुमच्याच पेडगावची बातमी हाय की! आमचा मेव्हणा बन्सीधर सकाळी तुमच्या दुकानातूनच बोलला. त्याच्या हिरीचं पानी गरम व्हायलंय म्हनं!"

बन्सीधर डोक्यावर वळकटी घेऊन दारातच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, "म्या गरम न्हाई म्हनलो, अक्का. कोमट म्हनलो. अंगुळ करताना जरा कोमट लागलं."

"आरं, ह्या दिवसांत सकाळी हिरीचं पानी कोमटच लागतंय!" महालिंगअप्पांनी कपाळाला हात लावला.

म्हणजे सकाळी आमच्याच गावातून निघालेलं कोमट पाणी पाथरी, मानवत, परभणी असं फिरलं, वाटेत त्याला उकळी फुटली, चार वाजताची वेळ चिकटली, गावाचं नाव तेवढं गळून पडलं. आणि दुपारी ते आमच्याच दारात आलं, तर आम्ही त्याला ओळखलं नाही!

अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी परभणीच्या सरकारी कचेरीत फोन लावला. तिथल्या कारकुनाने सांगितलं, "भूकंप कवा येनार, हे कुनालाच सांगता येत न्हाई. ज्या भिंतीला तडा गेलाय त्या घरात राहू नका. आनि वेळ सांगनाऱ्यावर इस्वास ठिवू नका."

"तुमच्या घराला तडा हाय का?" अक्कांनी तानुबाईंना विचारलं.

"न्हाई. बाळंतिनीच्या खोलीवर तर नुस्ते पत्रे हायेत."

"मंग चला घरी. शेगडी पेटवा."

गाडी वळली. मग अक्कांनी बन्सीधरच्या हातात माझा रिसीव्हर दिला. "जिथं जिथं ही बातमी पोचली, तिथं तिथं आता खरं काय ते तूच सांग. आनि मी घरोघर जाते. मी बी न इचारताच सांगितलं की." त्या छत्री घेऊन पावसात निघाल्या. बन्सीधर शरमेने लाल होऊन माझ्यात बोलत राहिला. एवढा हळू आवाज मी त्या दुकानात कधी ऐकला नव्हता. चार वाजले, साडेचार वाजले, काही झालं नाही.

मित्रांनो, आता मी कपाटात पडून असतो. तुमच्या हातातले फोन माझ्यापेक्षा कितीतरी चलाख आहेत, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. खरं आणि खोटं माझ्या तारेतून एकाच वेगाने गेलं. मला त्यातला फरक कळत नव्हता आणि तुमच्या फोनलाही कळत नाही. सांगणारा कितीही जिवाभावाचा असो, "तू पाहिलंस का?" एवढं त्याला विचारा. चूक झालीच, तर ती जिथवर गेली तिथवर तिच्या मागे जा. असं वागाल तर आमच्यासारख्या यंत्रांचंही नाव राहील.

तीन महिन्यांनी कुसुम बाळ घेऊन सासरी गेली आणि पोचल्याचा फोन तिने दुकानात केला. बोलता बोलता तिने बाळाला रिसीव्हरपाशी धरलं. पोराने असं भोकाड पसरलं की सगळं दुकान हसलं. अक्कांनी डोळे पुसले आणि ती बातमी त्यांनी गावभर सांगितली. "तू पाहिलंस का?" असं तेव्हा कुणीही विचारलं नाही.