सहाव्या मजल्यावरची होडी

मी एक जुनी रबरी होडी आहे, मित्रांनो. हवा भरली की होडी आणि हवा सोडली की गाठोडं! माझा रंग मुळात पिवळाधमक होता, कडेने निळा पट्टा होता. आता पिवळ्याचा फिका झालाय आणि पट्टा कुठे आहे, कुठे नाही. अंगावर अकरा ठिगळं आहेत. तुम्हाला वाटेल, ठिगळं सांगायला हिला लाज कशी वाटत नाही? उलट त्यातल्या एकाची गोष्ट सांगायलाच तर मी आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका रबराचे तुकडे एकमेकांना चिकटवत आणि वरून जड रूळ फिरवत. मला पाण्याच्या हौदात बुडवून तपासलं, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाबूत आहे. जा, मजा कर."

मजा कसली! मला विकत घेतलं बँकेतल्या एका साहेबांनी. त्यांनी मला एका दुपारी तासभर पाण्यात घातलं आणि तशीच ओली घडी करून माळ्यावर टाकलं. तिथे मी नऊ वर्षं होते. वर तापलेला पत्रा, खाली जुनी वर्तमानपत्रं. घडीच्या जागी माझं रबर कोरडं पडत गेलं. हवा भरायच्या तोंडाजवळचा जोड तर आतून सुटायला लागला होता. मला ते कळत होतं, पण होडीला कुठे ओरडता येतं?

मग साहेबांनी घर बदललं आणि नको असलेलं सामान फाटकापाशी मांडलं. तिथे ती आली. उंच, खांदे भरलेले, पायात जाडजूड बूट. तिने माझी पिशवी उघडली, आत हात घातला आणि एकदम ओरडली, "अय्या, होडी!"

तिने मला खांद्यावर टाकलं आणि निघाली. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून सहा मजले चढली. दारातूनच हाक मारली, "अरे, बघ काय आणलंय! ओळख बघू!"

तिचा नवरा खिडकीशी बसला होता. तो सावकाश उठला, माझ्याजवळ बसला आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. रबर, चामडं, डिंक हे सगळं बोटांनी वाचणारा तो माणूस होता. चपला-बूट दुरुस्त करणारा कारागीर. गावी तो त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या दुकानात बसे, आणि त्याच्या हाताखालून गेलेला बूट पुन्हा उसवत नाही, असं लोक म्हणत. ती मात्र टॉवर क्रेन चालवायची. या मोठ्या शहरात एक भलंमोठं इस्पितळ बांधायला घेतलं होतं आणि तिथली सगळ्यात उंच क्रेन तिला मिळाली होती. तिच्यासाठी तो गाव सोडून आला होता. पण इथे दुकानादुकानात फिरूनही त्याला काम मिळालं नव्हतं. सगळीकडे एकच उत्तर, "सध्या गरज नाही, नंतर या."

दोघांचं ठरलं होतं, उन्हाळा संपेपर्यंत बघायचं. नाही जमलं तर त्याने परत जायचं आणि तिने काम संपवून मागून यायचं. दिवस जात होते आणि तो गप्प गप्प होत चालला होता.

"तू म्हणायचास ना, लहानपणी कालव्यात दिवसभर डुंबायचो म्हणून?" ती म्हणाली. "आता दर रविवारी जायचं. आपण दोघं आणि ही बाई."

ही बाई म्हणजे मी! नऊ वर्षांत मला कुणी बाई काय, वस्तूसुद्धा म्हटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला हवा भरून बघायचं ठरवलं. पायाने दाबायचा पंप होता. धप्प फुस्स, धप्प फुस्स! मी फुगत गेले, खुर्च्या मागे सरकल्या, टेबल भिंतीला टेकलं. शेवटी मी एवढी झाले की स्वयंपाकघराचं दारच अडलं. दोघं हसून हसून माझ्या आत कोसळली. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे काका आले होते. ते निवृत्त स्टेशनमास्तर होते आणि चेहरा लाल सिग्नलसारखा झाला होता.

"वर काय हत्ती पाळलाय का?" त्यांनी विचारलं. मग त्यांना मी दिसले. माझ्यात बसलेली ती दोघं दिसली. काका चपला काढून आत आले आणि हळूच म्हणाले, "वल्ही कुठायत?"

तेव्हापासून काका आमचे झाले. कुठल्या पाण्याला कुठली बस जाते, किती वाजता सुटते, हे सगळं त्यांनी सुंदर अक्षरात लिहून दिलं. वेळापत्रक दहा वर्षांपूर्वीचं होतं, एवढंच. पहिल्या रविवारी आम्ही तळ्याऐवजी थेट विमानतळावर पोहोचलो! तिथल्या हिरवळीवर बसून त्यांनी उकडलेली अंडी आणि काकडी खाल्ली आणि विमानं मोजली. मी पिशवीतच होते. तरी सांगते, नऊ वर्षांतला तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता.

आणि मग काय तो उन्हाळा! शहराच्या कडेची संथ नदी, दोन पुलांमधला कालवा, कारंज्यांच्या बागेमागचं तळं. बसमध्ये लोक मला पाय लागतो म्हणून कुरकुरत आणि आत काय आहे हे कळलं की हसत. आठवडाभर मी गॅलरीत वाळत पडायचे. तिथून दूरवर तिची क्रेन दिसे. दुपारी क्रेनचा लांब दांडा थांबला की तो गॅलरीत येऊन उभा राही. मग क्रेनच्या केबिनमधून एक नारिंगी रुमाल हले. तोही टॉवेल हलवी. त्यानंतर दिवसभर घरात तो, मी आणि नळाचा आवाज.

सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे शहराबाहेरचं मोठं तळं. तिथे एक होडीघर होतं. ते चालवणाऱ्या काकू फार बोलक्या आणि तितक्याच कडक. कुणी पाण्यात निघालं की त्या तरंगणारं जाकीट पुढे करत.

"मला नको, काकू," ती दरवेळी मोठ्याने हसून म्हणे. "मी रोज वीस मजले वर बसते. मला हे पाणी काय करणार?"

तोही घेत नसे, कारण तो माशासारखा पोहायचा. पण मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक होती. काठ सुटला की तिची बोटं माझ्या कडेच्या दोरीत रुतत. ती हसे, गाणी म्हणे, त्याच्यावर पाणी उडवे, पण तो हात काही दोरीवरून निघत नसे. एका हाताने पाणी उडवायचं आणि दुसऱ्याने दोरी आवळायची. तो वल्ही मारण्यात इतका रमलेला असे की त्याला ते दिसलंच नाही.

उन्हाळ्याचा शेवटचा रविवार उजाडला. आकाश निरभ्र होतं. आम्ही तळ्याच्या मधोमध होतो. त्याने वल्ही आत घेतली आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"ऐक," तो म्हणाला. "तुला एक सांगायचंय."

त्याने पुढचा शब्द काढायच्या आत माझ्या तोंडाजवळचा जोड सुटला. फुस्स! इतके दिवस मी तो कसाबसा धरून ठेवला होता. माझी डावी बाजू मऊ पडली, खचली, आणि पाणी आत आलं.

"बाजू गेली वाटतं," तो शांतपणे म्हणाला. "काही नाही, दुसरी बाजू भक्कम आहे. फार तर पोहत जाऊ."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हातांनी तिने दोरी धरली होती.

"काय गं?"

"मला पोहता येत नाही."

"काय?"

"येत नाही म्हणजे येत नाही! मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. आंघोळीच्या बादलीत तोंड घालत नाही मी!"

"अगं, मग इतके रविवार बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू आला असतास का?"

तो भराभर हलला. पोटावर आडवा झाला, माझा उसवलेला जोड शोधला आणि त्यावर तळहात गच्च दाबून धरला. हवा थांबली.

"आता माझा हात इथून हलणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे वल्ही तुला मारायचीत."

"मला नाही जमणार."

"क्रेनवर वारा सुटला की काय करतेस?"

"करते काय... खाली बघत नाही. जिथे माल ठेवायचाय तिथे बघते."

"होडीघराचं लाल छप्पर दिसतंय? माल तिथे ठेवायचाय. घाई नको. एक झोका, मग थांब. हं, उजवं जरा कमी."

तिने दोरी सोडली. आधी एक हात, मग दुसरा. वल्ही उचलली. पहिले दोन-तीन फटके नुसतेच पाण्यावर आपटले. पाणी तिच्या घोट्याशी आलं होतं आणि ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मग मला जाणवलं, मी सरकतेय! वाकडीतिकडी, एका अंगाने लुळी, पण सरकतेय. तिचे खांदे काय सांगावेत! लोखंड उचलणाऱ्या यंत्राची ती मालकीण. होडीघराच्या काकू काठावरून ओरडत होत्या, "शाब्बास! अशीच ये! सरळ ये!" आणि त्याच वेळी एक होडी पाण्यात ढकलत होत्या. पण त्या होडीची गरजच पडली नाही. आम्ही आमचे आम्ही काठाला लागलो.

काकूंनी आधी दोघांना टॉवेल दिले आणि मग भरपूर बोलणी दिली. जाकीट न घेतल्याबद्दल, न तपासता होडी पाण्यात घातल्याबद्दल. दोघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. काकू चहा आणायला गेल्या, तेव्हा त्याने खिशातून एक भिजलेलं पत्र काढलं.

"हे सांगणार होतो," तो म्हणाला. "उस्तादांना मी लिहिलं होतं, परत येऊ का म्हणून. त्यांनी ये म्हणून कळवलंय."

ती उठून उभी राहिली. कपड्यांतून पाणी गळत होतं.

"तीन महिने मी जीव मुठीत धरून या पाण्यावर येतेय," ती म्हणाली, "आणि तू जायचं ठरवून बसलास?"

"मला काय माहीत तू..."

"नाहीच माहीत! तुला माझं नाही, मला तुझं नाही. एवढ्याशा होडीत समोरासमोर बसत होतो आपण!" ती थांबली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "जायचं तर जा. पण आधी हिला नीट कर. अशी फाटकी टाकून जाऊ नकोस."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो आठवडा मी कधी विसरणार नाही. त्याने आपली पेटी उघडली. गाव सोडल्यापासून ती उघडलीच नव्हती. सहाव्या मजल्यावरचा हॉल म्हणजे कारखाना झाला. त्याने माझा अख्खा जोड उकलला, जुना डिंक खरवडला, पॉलिश पेपरने घासलं, रबर चिकटवायच्या सोल्यूशनचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला. मग बुटाच्या तळव्यासाठी ठेवलेलं काळं रबर कापून वरून बसवलं आणि हातोडीने बारीक बारीक ठोकलं. काम करताना तो शीळ वाजवत होता. खालचे काका ठोकाठोकीची तक्रार करायला वर आले आणि दोन तास माझं दुसरं टोक धरून बसले.

संध्याकाळी ती कामावरून आली की जेवताना दोघं बोलत. पूर्वीसारखं हसत हसत नाही, खरं खरं. वर केबिनमध्ये तिला किती एकटं वाटतं, ते तिने सांगितलं. रिकामे हात घेऊन दिवसभर बसणं काय असतं, ते त्याने सांगितलं.

पुढच्या रविवारी मला तळ्यावर नेलं. दोघांच्या अंगात जाकिटं होती! काकूंनी माझ्या ठिगळावर नख घालून ओढून बघितलं. हललं नाही. चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"माझ्या सहा होड्या मागे पडून आहेत. दुरुस्तीवाला फिरकत नाही आणि फिरकला तर लावलेलं महिन्यात सुटतं. बघतोस का?"

तो मागच्या शेडमध्ये गेला. ती आणि मी काठावर थांबलो. तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा गुडघे मातीने भरले होते, कानामागे पेन्सिल होती आणि डोळे असे चमकत होते की काय सांगू!

"सहा नाहीत," तो तिला म्हणाला, "नऊ आहेत! आणि एकीचंही तोंड धड नाही!"

असा आनंद मी कुणाला बिघाड बघून झालेला पाहिला नाही. त्याच दुपारी त्याने होडीघरातून उस्तादांना फोन लावला. "उस्ताद, रागावू नका. मी येत नाही. इथे फार काम पडलंय."

पलीकडून उस्ताद काय म्हणाले ते मला कळलं नाही. पण तो हसला आणि डोळे पुसले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ते इस्पितळ केव्हाच पुरं झालं आणि ती आता दुसरीकडे, आणखी उंच क्रेनवर बसते. ती पोहायला शिकली. पहिल्यांदा मला सोडून पाच हात लांब गेली, तेव्हा काठावर काका शिट्टी फुंकत होते. माझं रबर आता पातळ झालंय. तो मला उन्हाकडे धरून बघतो आणि म्हणतो, "अजून दोन उन्हाळे." मी त्याचं ऐकते, त्याला कळतं.

तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या वस्तू ओल्या घडी करून ठेवू नका. त्यांना पुसा, वारा द्या, मधूनमधून उघडून बघा. आम्हाला ओरडता येत नाही. आणि माणसांना ओरडता येतं, तरी पुष्कळदा ती ओरडत नाहीत. तुमच्याबरोबर बसलेलं माणूस जरा जास्तच मोठ्याने हसत असेल, तर एकदा त्याच्या हाताकडे बघा आणि विचारा.

बरं, मला आता निघायला हवं. आज रविवार आहे, ऊन छान पडलंय, आणि ती दोघं दारात बसची वेळ झाली म्हणून एकमेकांवर ओरडतायत.