चिमट्याने वाढवलेलं पिल्लू

मी चिमटा बोलतोय. निखारे उचलणारा दांडगट चिमटा वेगळा आणि भुवया कोरणारा नखरेल चिमटा वेगळा. त्या दोघांशी माझं नातं सांगू नका, मला राग येतो. मी घड्याळजीचा चिमटा आहे. बोटभर लांब, पोलादाचा, आणि एकेकाळी असा टोकदार की टोकं मिटली म्हणजे मधून उजेडाची रेघसुद्धा जात नसे.

कारखान्यात माझ्याबरोबर शेकडो चिमटे जन्मले. त्यांतले किती आज कामात आहेत मला ठाऊक नाही. मला माझ्या मालकाच्या वडिलांनी विकत घेतलं. तेही घड्याळजीच. त्यांनी मला मुलाच्या हातात दिलं आणि सांगितलं, "चिमटा धरायचा असतो, दाबायचा नसतो." मुलगा पहिले सहा महिने दाबतच होता. माझ्या टोकांतून उडालेले स्क्रू शोधत तो दुकानाच्या फरशीवर इतका रांगला की गिऱ्हाइकांना आधी त्याची पाठच दिसायची.

पण हात बसला, आणि मग आम्ही दोघांनी चाळीस वर्षं राज्य केलं. केसाहून बारीक स्प्रिंग उचलायची, भिंगाखाली सरळ करायची, जागच्या जागी ठेवायची. लोक दुकानात येऊन "फक्त सेल बघा" म्हणत आणि उभ्या उभ्या चारदा फोनमध्ये वेळ बघत. एखादा मात्र रुमालात गुंडाळलेलं जुनं घड्याळ काढे आणि आवाज खाली आणून म्हणे, "वडिलांचं आहे." तसं घड्याळ आलं की मालक दुसऱ्या कोणत्याही हत्याराला हात न लावता मलाच उचलत. माझी कॉलर तेव्हापासून ताठ आहे.

मग मालकांचा उजवा हात थरथरू लागला. आधी थोडा, सकाळचा. नंतर दिवसभर. एका आठवड्यात तीन स्क्रू उडाले. तिसरा शोधायला मालकीणबाईही गुडघ्यांवर बसल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, बोलणं सरळ. स्क्रू सापडल्यावर तो मालकांच्या तळहातावर ठेवत त्या म्हणाल्या, "अहो, आता पुरे करूया."

मालकांनी वाद घातला नाही. दुकान बंद करायचं ठरलं. मला पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात बाकीचे जुने स्क्रूड्रायव्हर होते आणि सगळ्यांनी तोंडं पाडली होती. मी म्हटलं, आपलं संपलं.

दुकानाची पाटी उतरवायला दोन कामगार आले त्या सकाळची ही गोष्ट. पाटी तीस वर्षांची, लाकडी, जड. ती भिंतीपासून सुटली तशी तिच्यामागून काड्या, दोरे आणि पिसं यांचा एक गठ्ठा खाली आला. चिमण्यांचं घरटं. तीन पिल्लं होती. दोन जागीच गेली. तिसरं फरशीवर पडून तोंड उघडून वर बघत होतं, आवाज न करता.

मालक तिथेच मटकन बसले. "तीस वर्षं ही पाटी वर होती आणि मागे कोण राहतं ते मी एकदाही पाहिलं नाही," असं ते म्हणाले. पाटी हातात धरून तसंच उभं राहावं की जावं हे कामगारांना कळेना.

मालकीणबाईंनी जखमी पक्ष्यांची सोय बघणाऱ्या एका बाईंना फोन लावला. आम्ही त्यांना पक्षीवाल्या बाई म्हणतो. त्यांनी आधी पिल्लासकट घरटं छोट्या टोपलीत घालून तिथेच भिंतीला टांगायला लावलं, आणि लांबून बघत बसायला सांगितलं. पिल्लाला माणसाचा वास लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत, येतील, असं त्या म्हणाल्या. दोघं समोरच्या फुटपाथवर खुर्च्या टाकून चार तास बसले. डोळ्यांत तेल घालून बसले म्हणा. कुणीही आलं नाही.

"मग आता तुम्हीच," फोनवर बाई म्हणाल्या. "महिनाभर. पण लक्षात ठेवा, पाळायचं नाही. वाढवायचं आणि सोडायचं."

"आमच्या धंद्यात तेच असतं," मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाची वस्तू, नीट करून परत द्यायची."

म्हणून त्या पिल्लाचं नाव पडलं गिऱ्हाईक. खरं तर मालकीणबाईंनी नाव ठेवायला सक्त मनाई केली होती, नाव ठेवलं की सोडवत नाही म्हणून. गिऱ्हाईक हे काही नाव नव्हे, असं सांगून मालक सुटले.

घरी बुटांच्या खोक्यात मऊ कापड घातलं, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. पाणी चोचीत घालायचं नाही, दूध-पाव तर मुळीच नाही, ही ताकीद फोनवर मिळाली होती. उकडलेल्या अंड्याचा कण, नाहीतर पक्ष्यांच्या दुकानातली अळी, एवढंच. ते भरवायचं कशाने? चमचा मोठा, बोट जाड. मालकीणबाईंची भुवयांची चिमटी आणली, तिची तोंडं चपटी, अळी निसटून जाई. मालक उठले, पत्र्याचा डबा उघडला आणि मला बाहेर काढलं. उजेडात आल्यावर मला किती बरं वाटलं ते काय सांगू.

पण माझं टोक पिल्लाच्या चोचीजवळ नेलं आणि त्यांचा हात थबकला. ती उघडी चोच, आत लालभडक मऊ घसा, आणि समोर मी, सुईसारखा. वर हात थरथरणारा.

मालकांनी मला उलटसुलट पाहिलं. मग धार लावायचा दगड काढला आणि त्यावर माझी टोकं घासायला लागले.

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, त्याची वाट लागेल. परत घड्याळाला चालणार नाही."

"नाही चालणार," मालक म्हणाले आणि घासत राहिले.

दुखलं का म्हणाल तर दुखलं. चाळीस वर्षांचा टोकदारपणा दहा मिनिटांत गेला. टोकं गोल झाली, गव्हाच्या दाण्यासारखी. मालकांनी ती स्वतःच्या ओठावर, मग गालाच्या आतून फिरवून पाहिली. त्यांना टोचलं नाही तेव्हाच मला अळी उचलायला दिली.

आता ऐका. ज्या थरथरीपायी आमचं दुकान गेलं, तीच इथे कामाला आली. स्थिर धरलेली अळी पिल्लू बघतही नव्हतं. मालकांच्या हातातली अळी हलली, वळवळली, आणि गिऱ्हाइकाने मान ताणून अशी चोच वासली की मी अर्धा आत गेलो. मालकीणबाईंनी स्वतः प्रयत्न करून पाहिला, त्यांचा हात दगडासारखा स्थिर. पिल्लाने तोंड फिरवलं. "बघ," मालक म्हणाले. गेल्या वर्षभरात त्यांनी त्या हाताकडे असं कौतुकाने पाहिलेलं मला आठवत नाही.

दर अर्ध्या तासाने, सकाळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत भरवायचं होतं. हे काम घड्याळजीच्या घरी आलं, मग काय विचारता. मालकांनी चावीच्या एका गजराच्या घड्याळात फेरफार करून ते दर अर्ध्या तासाला वाजेल असं केलं आणि खोक्याशेजारी मांडलं. गजर झाला की मी हजर. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. चौथ्या दिवसापासून गजर झाला की गिऱ्हाईक चोच उघडायला लागलं. दहाव्या दिवशी तर गजराच्या आधीची कुर्रर्र ऐकूनच मान ताणायचं.

"वेळेचं पक्कं आहे," मालक शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत. आम्ही दोघं टेंभा मिरवत होतो. आपण काय करून ठेवलंय याचा आम्हाला पत्ता नव्हता.

पिसं आली, पंख फुटले. गॅलरीत मोठा पिंजरा ठेवला. आत ताटलीत अळ्या, बारीक दाणे, उथळ पाणी. समोरच्या तारेवर चिमण्या येत, चिवचिवत. गिऱ्हाईक त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. त्याचे कान घड्याळाकडे.

एकदा दोघं बँकेत अडकली आणि घड्याळाची चावी संपली. अडीच तासांनी परत आली तेव्हा गिऱ्हाईक फुगून, डोळे मिटून बसलं होतं, भरलेल्या ताटलीत पाय ठेवून. ताटलीतली एकही अळी कमी झाली नव्हती. मालकांनी घाईघाईने चावी दिली, गजर वाजवला. चोच उघडली.

पक्षीवाल्या बाई प्रत्यक्ष आल्या. त्यांनी पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "काका, हे असंच सोडलंत तर दोन दिवसांत उपाशी मरेल. बाहेर याच्यासाठी घंटा कोण वाजवणार? अन्न म्हणजे घड्याळ आणि हा चिमटा, एवढंच त्याला माहीत आहे."

मालकांचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण मला चेहरा नाही. मी खोक्याच्या काठावर पडून विचार करत होतो की इतके दिवस मी ज्याचा गर्व केला, त्यानेच पिल्लाचा घात होणार.

उपाय साधा होता आणि कठीण होता. गजर बंद. भरवणं बंद. ताटली भरून ठेवायची आणि समोर यायचं नाही. वजनावर लक्ष ठेवायचं, फारच उतरलं तर कळवायचं. मालक हो म्हणाले आणि संध्याकाळी मला हळूच खिशात घालून गॅलरीकडे निघाले. मालकीणबाई दारात उभ्याच होत्या. "चिमटा इकडे द्या," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. मालकांनी मुकाट्याने दिला. मला कपाटात कपड्यांखाली ठेवून त्यांनी किल्ली स्वतःकडे घेतली.

पुढचं सगळं मी कपाटातून ऐकलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक ओरडलं, दिवसभर. मालक घरात येरझारा घालत. "एकच अळी देतो," असं त्यांनी चारदा तरी म्हटलं. एकदा मालकीणबाईंनीही नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ओरडणं बारीक झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाजच नव्हता. माझा जीव टांगणीला लागला. मला कधी वाटलं नव्हतं की पोलादाला जीव असतो.

मग कुलूप उघडलं. मालकीणबाई कपाटाशी वाकल्या होत्या आणि डोळे पुसत हसत होत्या. त्या माझ्याशीच बोलल्या असाव्यात, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "खाल्लं हो त्याने. आधी पिंजऱ्याच्या गजावर चाललेली मुंगी टिपली. मग ताटलीतली अळी. स्वतःच्या चोचीने."

त्यानंतर आठवडाभर ते स्वतःच खात होतं. वजन भरलं. तारेवरच्या चिमण्यांना उत्तर द्यायला लागलं, आधी चाचरत, मग भांडल्यासारखं. माणूस जवळ आला की दूर सरकायला लागलं. बाई म्हणाल्या, "आता सोडा."

सोडायच्या आदल्या दिवशी मालक पिंजऱ्यासमोर बराच वेळ बसले. घड्याळजींची एक रीत असते, दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाच्या आतून सुईने एक बारीक खूण कोरायची. पुढे कधी ते घड्याळ परत आलं तर ओळखता यावं, हे आपलं काम म्हणून. मालकांच्या हातात लाल दोऱ्याचा एक तुकडा होता. "पायाला एक गाठ फक्त," ते म्हणाले. "सैलशी."

"आणि दोरा काट्यात अडकला तर?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालकांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

सकाळी पिंजऱ्याचं दार उघडलं. गिऱ्हाईक कठड्यावर आलं, दोनदा शेपटी हलवली आणि गेलं. मागे वळून वगैरे काही बघितलं नाही. काही दिवस एक चिमणी गॅलरीतल्या ताटलीवर येई, ते तेच असावं. मालकांनी एकदा मला अळी धरून कठड्यावर पुढे केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, उडून कुंडीतल्या मातीत उतरली आणि तिथला किडा उचलला.

पुढच्या महिन्यात एक तरुण घड्याळजी मुलगी मालकांची हत्यारं न्यायला आली. तिने भिंग लावून एकेक पाहिलं. माझ्यापाशी थांबली. "काका, हा तर कामातून गेला. टोकं कुणी घासली?"

"मी," मालक म्हणाले. "तो राहू दे. त्याला इथे काम आहे."

खरंच आहे. पक्षीवाल्या बाई पाटीखालची, झाडाखालची, गच्चीवरची पिल्लं आमच्याकडे धाडतात. आतापर्यंत पाच झाली. आता गजर नसतो, वेळा रोज बदलतात, आणि पंख फुटले की मी आपणहून कपाटात जायला तयार असतो. तुम्हाला कधी असं पिल्लू सापडलं तर आधी त्याचे आईबाप येतात का बघा. नाहीच आले आणि माझ्यासारखा कुणी हाताशी धरलात, तर तो वेळेवर बाजूला ठेवा. एवढंच माझं मागणं.

परवा सकाळी मालक डोळ्याला दुर्बीण लावून गॅलरीत उभे होते, मी खिशातून डोकावत होतो. तारेवर दहा-बारा चिमण्या होत्या, सगळ्या सारख्या. मालकांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिलं.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "यात आपलं कोणतं ते ओळखूच येत नाही."

असं म्हणताना त्यांची छाती किती फुगली होती, ते मला खिशातून कळत होतं.