साखर चौतीस

उजव्या हाताचा गुद्दा नाकावर बसला तेव्हा व्हर्ना स्टिडम स्वयंपाकघराच्या जमिनीवर गुडघे टेकून बेभान पडलेल्या माणसाच्या डाव्या दंडात शीर शोधत होती.

"वा रे पठ्ठ्या!" नाक पुसत ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांत हात उगारला नाही, आणि तू पहिल्याच भेटीत?"

अँब्युलन्सवरचा तिचा सहकारी क्लिंट हसतहसत त्याचे खांदे दाबून बसला. ओहायोतल्या या गावात व्हर्ना सव्वीस वर्षं अँब्युलन्सवर होती. ग्लुकोज शिरेत गेलं. पाच मिनिटांत कोंबड्यांच्या कारखान्यातला कामगार एउसेबियोनं डोळे उघडले, समोर रक्ताळलेलं नाक पाहिलं आणि भडकून बायकोला विचारलं, "या बाईंना कोणी मारलं?"

बायकोनं, हर्मेलिंडानं, कपाळावर हात मारला. क्लिंटला तर हसू आवरेना.

दारातला पोलिस रॉइस मात्र हसला नाही. त्यानं व्हर्नाला ओसरीवर बोलावलं.

"ग्वाटेमालाचा आहे. ग्रीन कार्डवाला. मारहाणीची तक्रार दे."

"कशाला?"

"अगं, वॉशिंग्टनमध्ये कायदा येऊ घातलाय. तुम्हा अँब्युलन्सवाल्यांवर हात उचलणारा परका असला की सरळ देशाबाहेर. अजून पास नाही झाला, पण ह्याच्या कागदावर डाग तर पडेल!"

व्हर्नाला तो कायदा ठाऊक होता. मागच्या हिवाळ्यात एका झिंगलेल्यानं क्लिंटची बरगडी मोडली, तेव्हा तिनंच खासदाराच्या कचेरीत फोन करून 'लवकर आणा' म्हणून सुनावलं होतं. आत हर्मेलिंडा नवऱ्याला मक्याची भाकरी आणि घेवडा भरवत होती. व्हर्नानं तिकडे पाहिलं.

"त्याच्या रक्तातली साखर चौतीस होती, रॉइस, हवी त्याच्या निम्मीही नाही. चौतीसला तुझे पाद्रीबाबासुद्धा ठोसे मारतील."

"मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग तू पाहिलंस ते लिही. मी मोजलं ते लिहिते."

"आणि उद्या कायदा झाला तर?"

"तर शुद्धीवर नसलेल्याला त्यातून वगळा म्हणून पुन्हा फोन करीन. माझी बडबड ऐकायची त्यांना सवय झालीय."

तिनं तिथेच अहवाल लिहिला: साखर चौतीस, रुग्ण भानावर नव्हता, तक्रार नाही. रॉइसनं तो दोनदा वाचला, "तुझं नाक, तुझी मर्जी," असं पुटपुटला आणि आपली वही मिटून गाडीकडे गेला.

व्हर्ना निघाली तेव्हा एउसेबियो उठून उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. अंगात धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बायकोनं सगळं सांगितलं असावं. मान खाली होती. त्यानं निरोपाला डावा हात पुढे केला. उजवा पाठीमागे होता.

"तो नाही," व्हर्ना म्हणाली. "दुसरा दे."

तो घुटमळला. मग त्यानं उजवा हात सदऱ्याला पुसला, आणि पुढे केला.